सूनबाईची खंडेनवमी

जुन्या हॉलच्या दाराशी एक ट्यूबलाइट होती आणि ती सारखी गुणगुणायची. आत शिरलं की वृषाली खैरनार आधी डावा हात वर करून तिचं बटण बंद करायची, मगच पुढे जायची. एकोणीस वर्षांच्या नोकरीत हात आपोआप वर जायला लागला होता. त्या मंगळवारी सकाळी ती आत शिरली, हात वर गेला, आणि बोट बटणाला लागायच्या आतच ट्यूब विझली.

वृषालीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं बटण चाचपून पाहिलं, तर ते चालूच होतं. हॉलमध्ये दुसरं माणूस नव्हतं. सर्व्हरच्या कपाटांच्या रांगा नेहमीसारख्या घरघरत होत्या, हिरवे दिवे लुकलुकत होते.

"कोण आहे?" तिनं विचारलं, आणि स्वतःच्याच आवाजानं ती आणखी घाबरली.

कुणी नव्हतं. सूनबाई होती.

सूनबाई म्हणजे नवा नियंत्रक. कंपनीनं त्याला भलंमोठं इंग्रजी नाव दिलं होतं, ते कुणाच्या जिभेवर बसेना. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतलं हे डेटा सेंटर आता पार थकलं होतं. एसी धापा टाकत होते, बॅटऱ्या फुगल्या होत्या, छताखाली बादल्या ठेवाव्या लागत होत्या. अर्ध्या उत्तर महाराष्ट्राचे सातबारे, शाळांचे दाखले आणि दवाखान्यांचे कागद याच कपाटांत होते. त्यातलं काहीही क्षणभरसुद्धा बंद न पडता सगळा बारदाना शेजारच्या नव्या हॉलमध्ये हलवायचा होता. पंगत जेवायला बसलेली असताना चूल हलवायची, तसला प्रकार. त्यावर देखरेख करायला हा नवा नियंत्रक आला, आणि निवृत्त इलेक्ट्रिशियन बोरस्तेकाकांनी त्याचं बारसं करून टाकलं.

"बोलत काही नाय, नुसतं टुकुटुकू बघती, आन् घरच्या रीती शिकती," ते म्हणाले होते. "सूनबाईच ए की ही!"

सगळे हसले होते. वृषाली मात्र हसली नाही, कारण तो नियंत्रक बसवायला कंपनीनं पाठवलेली इंजिनिअर मृण्मयी ही तिची सख्खी सून होती. बोरस्त्यांनी एका दगडात दोन पक्षी मारले होते.

दुपारी कँटीनमध्ये वृषालीनं ट्यूबलाइटची गोष्ट मृण्मयीला सांगितली. ऑफिसात सासूला मॅडम म्हणायचं, असं दोघींचं ठरलेलं होतं.

"मॅडम, तुम्ही घाबरलात?" मृण्मयीचे डोळे चमकले. "अहो, हे तर फार छान झालं! ती शिकली."

"माझा हात वर जायच्या आधी?"

"हात जातानाच. तिनं तुम्हाला पाहिलं असणार."

मग मृण्मयीनं समजावून सांगितलं. जुना नियंत्रक नुसता आकड्यावर चालायचा. हवेतला धूर अमुक आकड्याच्या वर गेला की गजर व्हायचा आणि गजरानंतर अर्ध्या मिनिटानं आग विझवणारा वायू हॉलमध्ये सुटायचा. पण नूतनीकरणात भिंती फोडायच्या म्हणजे धूळ उडणार, आणि जुन्याला धूळ आणि धूर यातला फरकच कळत नव्हता. दिवसातून चारदा तो बोंब ठोकायचा. नवा तसा नव्हता. त्याला या इमारतीच्या साऱ्या वर्षांच्या नोंदी खाऊ घातल्या होत्या: केव्हा धूर झाला, कोणतं दार लागलं, कोणता पंखा थांबला, माणसांनी त्यावर काय केलं. वर छतात पहिल्यापासून उष्णता पाहणारे कॅमेरे होते, त्यांना माणूस म्हणजे एक तांबूस ठिपका दिसायचा. पंख्यांची बेअरिंग खराब झाली तर आधी कळावं म्हणून मायक्रोफोन होते, त्यांच्याही जुन्या नोंदी त्याला दिल्या होत्या. इथे कशामागून काय होतं, एवढं एकच तो त्या साऱ्यातून शिकत होता.

"आणि का होतं ते?" वृषालीनं विचारलं.

"का ते तिला कळत नाही. भाषाही येत नाही तिला, आपण बोलतोय ते तिला नुसता आवाज म्हणून ऐकू येतं. तिला फक्त क्रम कळतो." मृण्मयी हसली. "आणि क्रम जितका पक्का, तितकी तिची खात्री पक्की."

वृषालीनं चहाचा कप खाली ठेवला. तिला ते पटलं नाही असं नव्हे. पण त्या दिवसापासून हॉलमध्ये शिरताना तिनं हात वर करणं सोडलं, आणि ट्यूब मात्र रोज आपली आपण विझत राहिली. कुणीतरी आपल्याला पाठ करून बसलंय, ही भावना तिच्या मानेवर बसली ती उतरेना.

खरं म्हणजे हा 'का' मृण्मयीनं आधीच एकदा तिला विचारला होता. तेव्हा उन्हाळा होता. वृषाली स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती आणि मृण्मयी लॅपटॉप घेऊन समोर येऊन बसली.

"आई, एक गंमत दाखवू? तुमच्या जुन्या हॉलमध्ये दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला एकदा धूर होतो. त्याच वेळी सगळे पंखे बंद, दार बंद, गजरही बंद. तासाभरानं पुन्हा सगळं सुरू. एकही वर्ष चुकलेलं नाही. हा बिघाड समजू का? तसं असेल तर शिकवताना गाळून टाकते."

वृषालीला ते काय आहे हे पक्कं ठाऊक होतं. खंडेनवमीची पूजा. यंत्रांना हळदकुंकू लावायचं, झेंडूचं तोरण बांधायचं, निरांजन, उदबत्ती, कापूर. पण सर्व्हर हॉलमध्ये आम्ही कापूर जाळतो असं सांगितलं असतं तर सुनेच्या भुवया वर गेल्या असत्या, आणि त्यामागून दहा प्रश्न आले असते. वृषालीला प्रश्न आवडायचे नाहीत. ती या घरात आली तेव्हा तिच्या सासूनं तिला काहीही सांगितलं नव्हतं. बघायचं, बघून करायचं. फोडणीत हिंग आधी की मोहरी आधी, आल्यागेल्याला पाणी कोणत्या तांब्यातून द्यायचं, सगळं ती बघून शिकली होती आणि त्याचा तिला अभिमान होता.

"बिघाड कसला?" ती मेथीची काडी मोडत म्हणाली. "ते आमच्यात असंच असतं. राहू दे तसंच."

"पण का असतं?"

"असतं म्हणून असतं गं. तू तुझं काम कर."

मृण्मयीनं काहीतरी टाइप केलं आणि लॅपटॉप मिटला. त्या उत्तराची आठवण वृषालीला पुढे कधी झाली नाही. अशी उत्तरं ती दिवसातून दोनदा देत असे.

दसरा जवळ आला तसा कामाचा धडाका वाढला. जुन्या हॉलमधला कारभार जवळजवळ सगळा नव्या हॉलमध्ये गेला होता. ठेकेदार सोनजे याची माणसं जमिनीच्या फरश्या उचलून खालच्या मेलेल्या केबल कापून काढत होती. भिंतीपलीकडच्या खोलीतल्या शिशाच्या जड बॅटऱ्या गेल्या आणि त्यांच्या जागी लिथियमची चकचकीत कपाटं आली. त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या तारा सूनबाईला जोडायच्या राहिल्या होत्या, दोन्ही खोल्यांमधलं केबलचं भोकही बुजवायचं होतं. ते दसऱ्यानंतर करू, असं ठरलं. पण बॅटऱ्या चार्जिंगला मात्र लावून टाकल्या, कारण वरून घाई होती.

दसऱ्यानंतर जुना हॉल कायमचा बंद होणार होता. म्हणजे यंदाची खंडेनवमी त्याची शेवटची.

"सोडायची नाय बर्का ताई," बोरस्तेकाकांनी फोन करून बजावलं. गुडघ्यानं बेजार असूनही ते या दिवशी न चुकता यायचे. "जाणाऱ्याला नीट निरोप द्यायचा असतो."

सकाळी दहाच्या सुमाराला सगळे जमले. तस्लीम शेख नेटवर्क सांभाळायची आणि तोरण दरवर्षी तीच बांधायची. झेंडू निवडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सोनजे आला, त्याचे दोन मिस्त्री आले. मृण्मयी पहिल्यांदाच आली होती. सर्व्हरच्या कपाटांवर हळदकुंकवाची बोटं, पुढ्यात कलश, निरांजन, कापराची वडी, हे सगळं बघून तिच्या भुवया खरंच वर गेल्या.

"मॅडम, इथे? हॉलमध्ये ज्योत?"

"थोडा वेळ," वृषाली नजर चुकवत म्हणाली. "पंखे बंद करते, म्हणजे निरांजन विझत नाही. दार लावून घेतो, म्हणजे धूर नव्या हॉलमध्ये जात नाही. गजराची किल्ली फिरवून ठेवायची. झालं."

"ऑक्टोबरचा धूर," मृण्मयी पुटपुटली. "ते हे होतं?"

वृषालीनं न ऐकल्यासारखं केलं आणि पंख्यांच्या पॅनलकडे वळली. तिनं हात पुढे केला, आणि पंख्यांची घरघर आपोआप उतरत उतरत थांबली. पाठीमागे लोखंडी दार संथपणे सरकलं आणि चुंबकी कुलूप खट्‌कन बसलं. पॅनलवर अक्षरं उमटली: गजर स्थगित.

"आयला!" बोरस्तेकाका आनंदानं ओरडले. "सूनबाईनं केलं! न सांगता!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तस्लीमनं पॅनललाही कुंकवाचं बोट लावलं. मृण्मयीनं फोन काढून ते टिपलं, कारण काही झालं तरी ते तिचं लेकरू होतं. वृषालीचा हात मात्र अजून हवेतच होता. कशाला भिते मी, तिनं स्वतःला विचारलं, आणि निरांजन लावलं.

आरती सुरू झाली. पंखे थांबल्यामुळे हॉल इतका शांत झाला होता की घंटेचा नाद भिंतींवरून परत येत होता. कापूर पेटला, त्याचा उग्र वास पसरला. त्यात उदबत्ती, त्यात झेंडू. त्या सगळ्यात आणखी एक वास होता, गोडसर, नेलपॉलिशच्या बाटलीसारखा. तो आधी कुणाच्या लक्षात आला नाही. बोरस्तेकाका मध्येच गायचे थांबले.

"ताई, हा कापराचा वास नाय."

वृषालीनं खाली बघितलं. उचललेल्या फरश्यांच्या फटीतून पांढरी वाफ वर येत होती, आणि वर न जाता जमिनीवरच पसरत होती. कपाटांच्या पायांशी ती घोट्याएवढी झाली होती.

"बॅटरी," मृण्मयी म्हणाली. "पलीकडची बॅटरी फुटतेय."

लिथियमच्या बॅटरीचं दुखणं वेगळं असतं. एखादा घट, म्हणजे सेल, आतून तापला की त्यातली रसायनं मोडायला लागतात, मोडताना आणखी उष्णता सोडतात, त्या उष्णतेनं शेजारचा घट तापतो. ज्वाळा दिसायच्या बरंच आधी ही पांढरी वाफ सुटते. ती जड असते, विषारी असते आणि ठिणगी मिळाली तर पेटते. आणि इथे तर समोर निरांजन तेवत होतं.

तस्लीमनं झडप घालून निरांजन हातानंच चिरडलं. तळवा पोळला तरी ती ओरडली नाही. कापरावर तिनं ताम्हण पालथं घातलं. सोनजे दाराकडे धावला, ढकललं, ओढलं, खांदा मारला. दार हललं नाही.

"काच फोडा!" वृषाली ओरडली. दाराशेजारी हिरव्या डबीत काचेमागे आणीबाणीचं बटण होतं. सोनजेनं कोपरानं काच फोडली आणि बटण दाबलं. दाबतच राहिला. काहीच झालं नाही. वृषालीनं पॅनलवरची बटणंही दाबून पाहिली, पण सूनबाईनं हाती घेतलेलं पॅनल तिचं ऐकेना.

"त्याची तार..." सोनजे अडखळला. "खालच्या जुन्या केबलींत होती काय? काल आम्ही..."

फोनला आत कधीच रेंज नसायची, आणि मृण्मयीच्या लॅपटॉपला जोडायची तारही त्याच कापलेल्या केबलींत गेली होती. मग सगळ्यांनी मिळून दार बडवायला सुरुवात केली. मिस्त्री हातोडीनं, सोनजे मुठींनी, बोरस्तेकाका काठीनं. "निकम! ओ निकम! दार उघडा!" पलीकडे सुरक्षारक्षक निकम असणारच होते. ते आले नाहीत. वाफ पिंढऱ्यांपर्यंत चढली. घशात आग व्हायला लागली. आपण इथेच मरणार, असं वृषालीला अगदी स्पष्ट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे ओजसला, आपल्या मुलाला, एका दिवसात दोन फोन जातील, आई गेल्याचा आणि बायको गेल्याचा. तिनं मृण्मयीचं मनगट घट्ट धरलं.

"गजर का होत नाहीये?" ती किंचाळली. "एवढा धूर! तुझ्या त्या बाईला धूर दिसत नाही का?"

"दिसतोय." मृण्मयी वर कॅमेऱ्याकडे बघत होती. "तिला धूर दिसतोय, घोळका करून उभी असलेली माणसं दिसतायत, आणि... थांबा. थांबा! ठोकू नका!"

"काय बोलता मॅडम!" सोनजे ओरडला.

"तिला टाळ्या ऐकू येतायत! आपण ठोकतोय, ओरडतोय, तिला ती आरती वाटतेय. जितकं ठोकू तितका वेळ ती दार लावून ठेवेल." मृण्मयी वळली आणि तिच्या तोंडून मॅडम निघालंच नाही. "आई, पूजा संपते कशी? सांगा मला. आता तरी सांगा! दरवर्षी तुम्ही दार उघडता, त्याच्या आधी काय होतं?"

"काही नाही... प्रसाद..."

"प्रसाद कसा? क्रम सांगा, नीट!"

वृषालीनं डोळे मिटले. एकोणीस वर्षांत हे तिनं कधी शब्दांत मांडलं नव्हतं. "दोन रांगांत बसतो. समोरासमोर, खाली. बोरस्तेकाका उभ्यानं प्रसाद घेऊ देत नाहीत. ताटली त्या टोकापासून हातोहात फिरत माझ्याकडे येते. कुणी बोलत नाही. मी शेवटची घेते, उठते, आणि पंखे लावते."

"मग तेच करायचं. बसा सगळे."

"खाली?" मिस्त्रीनं मांडीपर्यंत आलेल्या वाफेकडे बोट दाखवलं. "त्यात?"

कुणीच बसेना. टाचा उंचावून, मान वर करून सगळे उभे होते, आणि वृषालीचं स्वतःचं सगळं अंग तिला वर, वर म्हणत होतं. सोनजेनं परत दारावर मूठ मारली. तेव्हा वृषालीच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो तिच्या सासूचा होता.

"सोनजे! खाली बसा!"

सोनजे बसला. तस्लीमनं ओढणी फाडून कलशातल्या पाण्यात बुडवली आणि तुकडे वाटले. ते नाकाला लावून एकेक जण त्या पांढऱ्या वाफेत उतरला. वृषाली बसली तेव्हा तिला समोरच्या माणसाचा चेहरासुद्धा दिसेना. श्वास घेतला की सुया टोचत होत्या. भिंतीपलीकडे काहीतरी धप्प झालं, मग पुन्हा धप्प झालं, आणि भिंत गरम व्हायला लागली. कुणीतरी हुंदका दिला.

"श्श," बोरस्तेकाका म्हणाले. "प्रसादाला बसलोय आपण."

साखर-खोबऱ्याची ताटली त्या टोकाहून निघाली. वृषालीला ती दिसत नव्हती, फक्त हातांची चाहूल लागत होती. एक हात, दुसरा हात. कुठेतरी ती अडली. मिस्त्रीच्या हातातून निसटून ती फरशीवर पडली असं आवाजावरून वाटलं. खसफस झाली, आणि ताटली पुन्हा सरकायला लागली. मृण्मयीच्या थंडगार बोटांनी ती तिच्या हातात दिली. तिच्यात काहीही उरलं नव्हतं, नुसती चिकट साखर. वृषालीनं बोट फिरवून ते जिभेला लावलं. मग ती उठली, सावकाश, दरवर्षी उठायची तशीच. धावावंसं वाटत होतं पण ती धावली नाही. पॅनलकडे चालत गेली आणि डावा हात पुढे केला.

पंखे गर्जत सुरू झाले. कुलूप खट्‌ वाजलं. दार सरकायला लागलं.

"आता पळा!" मृण्मयी किंचाळली. "पूजा संपली म्हणजे आता तिला हा धूर आग वाटणार!"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत गजर कोकलायला लागला. अर्ध्या मिनिटात वायू सुटणार होता, आणि एवढ्या उष्णतेत तो वायू मोडला की त्यातून फुप्फुसं जाळणारं आम्ल तयार होतं. मिस्त्री सुटले, तस्लीम सुटली. बोरस्तेकाकांना मांडी मोडून उठता येईना. वृषालीनं एका बाजूनं धरलं, आणि दारापर्यंत गेलेला सोनजे मागे फिरून दुसऱ्या बाजूला आला. दोघांनी त्यांना फरफटत उंबऱ्याबाहेर ओढलं. मागे दार मिटलं, आणि आत मोठ्यानं फुस्स असा आवाज झाला. कपाटं, तोरण, कलश, मृण्मयीचा लॅपटॉप, सगळं आत राहिलं.

बाहेर ऊन होतं. निकम पळत आले आणि सगळ्यांच्या काळवंडलेल्या तोंडांकडे बघतच राहिले. "मी म्हटलं, शेवटची पूजा, म्हणून आरती एवढी जोरात चाललीये," ते म्हणाले आणि मट्‌कन खाली बसले.

अग्निशामक गाड्यांचा आवाज लांबून यायला लागला. वृषाली कंपाउंडच्या भिंतीला टेकून खोकत होती. मृण्मयी शेजारी येऊन बसली. वृषालीनं बाटली तिच्या तोंडाला धरून तिला पाणी पाजलं.

"तू विचारलं होतंस," ती म्हणाली. "मला सांगायला काय झालं होतं गं? माझ्यामुळे मेलो असतो आपण सगळे."

मृण्मयीनं मान हलवली, पण तिचं लक्ष नव्हतं. ती समोर कुठेतरी बघत होती. मग एकाएकी तिनं फोन काढला.

"आई, ही एकटी नाहीये."

"काय?"

"सूनबाई. इथे चांगली शिकली म्हणून कंपनीनं तिच्या नकला काढल्या. इथलं शिकलेलं सगळं जसंच्या तसं, वरून तिथलं थोडं शिकवायचं. गेल्या महिन्यात चार ठिकाणी बसवल्या. एक शीतगृहात, दोन कारखान्यांत." ती थांबली. "आणि एक रुग्णालयाच्या तळघरात. तिथून अतिदक्षता विभागाची हवा चालते. सगळे गजर तिथूनच."

"मग बंद कर तिला! इथून!"

"लॅपटॉप आत जळतोय."

मृण्मयीनं रुग्णालयातल्या इंजिनिअरचा नंबर लावला आणि फोन दोघींच्या मध्ये धरला. घंटा वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली. तिनं पुन्हा लावला. मग दुसरा नंबर, तळघरातल्या यंत्रखोलीचा. तोही कुणी उचलेना. दोघींना एकदमच उमगलं आणि दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आज खंडेनवमी होती. यंत्रखोलीतली माणसं आत्ता यंत्रांपुढे हात जोडून उभी असतील. उदबत्ती लागली असेल. टाळ्या सुरू झाल्या असतील. आणि सूनबाईनं, कुणी न सांगता, पंखे थांबवले असतील, दार लावून घेतलं असेल आणि वरच्या मजल्यावरचे सगळे गजर गप्प केले असतील.

"आई," मृण्मयीनं विचारलं, "तिथे प्रसाद बसून घेतात की उभ्यानं?"

वृषालीनं तोंड उघडलं. आमच्यात कसं असतं ते तिला ठाऊक होतं, जन्मभर तेवढंच ती सांगत आली होती. त्यांच्यात कसं असतं ते तिला माहीत नव्हतं. फोन वाजतच होता.